हिरव्या मेणाची गोळी

काडतुसं भरायची नवी प्रेस तीन खोक्यांतून आली. कुरियरवाली बाई खोकी व्हरांड्यात ठेवून म्हणाली, "फार जड आहेत हो, कुणाला तरी मदतीला बोलवा." एल्डन ट्वेटने शहाण्यासारखी मान डोलावली आणि तिची गाडी वळल्याबरोबर तिन्ही खोकी एकट्याने तळघरात उतरवली. पंचाहत्तरीच्या माणसाला उचलू नका म्हणणं म्हणजे उचला म्हणण्यासारखंच आहे. मग तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिला, धाप लागली होती म्हणून, आणि वर जाऊन तरी काय करायचं म्हणूनही.

जुनी प्रेस अजून बाकावर होती. एक दांडा, एका वेळी एक काम. वापरलेली पितळी पुंगळी घालायची, दांडा ओढायचा, ती पुन्हा मापात यायची. मग पुढचं काम, मग त्याच्या पुढचं. मॉन्टानाच्या त्या गावात निम्म्या तळघरांत असा एक बाक असतो आणि त्यावर अशी एक प्रेस असते. फरक इतकाच की बाकीच्यांच्या बाकापुढे एक स्टूल असतं आणि ट्वेटांच्या बाकापुढे दोन होती.

दुसरं स्टूल वर्नाचं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती सहज म्हणून येऊन बसली ती चाळीसएक वर्षं उठलीच नाही. कामाची वाटणी आपोआप पडली होती. एल्डन पुंगळ्या साफ करायचा, त्यांच्या बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायचा, पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात त्या तोंड वर करून उभ्या करायचा आणि मापाने एकेकीत दारू टाकायचा. मग ठोकळा डावीकडे सरकवायचा. वर्ना विजेरी घेऊन एकेका पुंगळीत डोकावायची. "पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीत चौथी रिकामी आहे, एल्डन. झोपलास की काय?" झोपलेला नसायचा, पण त्याचा हात तसाच होता. बोलण्याच्या नादात एखादी सुटायची, एखादीत दोनदा पडायची. रिकामी गेली तर गोळी नळीतच अडकून बसते, आणि ते न कळता मागून दुसरी झाडली, की बंदूक फुटते. दोनदा पडली तर दुसरीचीसुद्धा वाट बघावी लागत नाही. वर्नाच्या नजरेतून मात्र काही सुटत नसे. गोळ्याही तीच ओतायची. परसात लोखंडी भांड्यात शिसं वितळवून साच्यात घालायची आणि गोळीच्या कडेच्या खाचेत मेण भरायची. त्या मेणात तिने मुलीच्या शाळेतली उरलेली हिरवी रंगकांडी विरघळवली होती. कशासाठी, तर ओळखू यावी म्हणून. त्या तालुक्यात हिरव्या कडेची गोळी दिसली की ती वर्ना ट्वेटची हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

तिकडे एक रीत आहे. दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश एकवेळ वापरावा, पण दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये. सख्ख्या भावाचंही नाही. नेमबाजीच्या क्लबात ही रीत सगळे पाळत, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की मर्ल लिंडक्विस्ट ती पाळत नाही. तो एल्डनचा शाळेपासूनचा मित्र. त्याला स्वतःला भरण्याचा कंटाळा. वर्षानुवर्षं ट्वेटांचीच काडतुसं वापरायचा आणि बदल्यात एल्क हरणाचं सॉसेज आणून द्यायचा. कुणी टोकलं तर म्हणायचा, "एल्डनच्या हातावर विश्वास ठेवायला मी काय वेडा आहे? माझा विश्वास वर्नाच्या डोळ्यांवर आहे."

ऑक्टोबरात वर्नाला अर्धांगाचा झटका आला. चालायला लागली, बोलायला लागली, पुन्हा बाकाशी येऊन बसायलाही लागली. फेब्रुवारीत दुसरा आला, त्यातून उठली नाही.

त्यानंतर एल्डनने तिच्या उरलेल्या गोळ्या डब्यात भरून फडताळावर ठेवल्या आणि दुकानातून निळ्या मुलाम्याच्या आणल्या. जुन्या प्रेसवर एकट्याने थोडी काडतुसं भरून पाहिली. विजेरी घेऊन स्वतःच स्वतःच्या चुका शोधायच्या, आणि चूक करणाऱ्याला चूक दिसली असती तर त्याने ती केलीच कशाला असती? दर ओळीला तो अडखळे. दोनदा तर त्याने भरलेला ठोकळा डावीकडे सरकवला आणि वाट बघत बसला. म्हणून ही नवी प्रेस. हिच्यात एक फिरती तबकडी असते. दांडा एकदा ओढला की पाच ठिकाणी पाच कामं होतात आणि शेवटी तयार काडतूस खालच्या डब्यात पडतं. आणि मुख्य म्हणजे चौथ्या जागी एक बारीक दांडी प्रत्येक पुंगळीत उतरून दारू तपासते. कमी असो की जास्त, पीं करून ओरडते.

प्रेस बसवायला मर्ल आला. आला तो बडबडत आला.

"एवढी खोकी? अरे, बाक बसवतोयस की सरकारी तोफखाना?"

"तू ड्रिल आणलंस का ते सांग."

"आणलंय. पण आधी कॉफी. रिकाम्या पोटी मी भोकं पाडत नाही, वाकडी पडतात."

"भरल्या पोटीही वाकडीच पडतात तुझी."

दोघांनी जुनी प्रेस उतरवली. मर्लने बाकाखाली शिरून आडवी फळी ठोकली, कारण नव्या प्रेसचा दांडा ओढताना बाक तसूभरही हलला तर दारू सांडते. भोकं सरळ पडली. चार जाड बोल्ट आवळले, मधला खांब बसवला, तबकडी चढवली. एल्डन माहितीपुस्तक नाकाशी धरून वाचत होता आणि मर्ल न वाचता हात घालत होता. दुपारपर्यंत गप्पा रंगल्या. फक्त एक गोष्ट एल्डनला खटकली. वर्नाच्या स्टुलापाशी हत्यारं ठेवायची वेळ आली की मर्ल ती जमिनीवर ठेवायचा. आणि निघताना एल्डनने वसंतात एकट्याने भरलेली एक पेटी त्याच्या हातात दिली, तेव्हा नेहमीसारखा टोमणा न मारता त्याने ती मुकाट्याने कोटाच्या खिशात घातली.

"हे आणि तुझ्यासाठी," तो म्हणाला आणि वापरलेल्या पुंगळ्यांचा डबा बाकावर ठेवून गेला. झाडून झाल्यावर पुंगळ्या परत आणून द्यायच्या हाही नेहमीचाच शिरस्ता.

दुसऱ्या दिवशी तबकडीची चाल बघायला म्हणून एल्डनने डब्यातल्या मूठभर पुंगळ्या घेतल्या. पहिलीच उलटी करून बघितली आणि त्याचा हात थांबला. टोपीभोवती लाल लाखेचं कडं होतं. ओल शिरू नये म्हणून कारखान्यात तसं कडं भरतात. घरी कुणी भरत नाही. त्याने डबाच बाकावर ओतला. सगळ्यांना लाल कडं.

म्हणजे मर्ल दुकानातली काडतुसं वापरत होता. घेऊन जायची ट्वेटांची पेटी आणि झाडायची दुकानातली.

एल्डनला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला लाज वाटली. वर्ना होती तोवर हा माणूस आपलं काडतूस डोळे मिटून वापरत होता, आणि ती गेल्यावर आपण एकटे त्याला चालत नाही. तोंडावर सांगायचाही धीर होत नाही त्याला, इतके आपण बिचारे झालो. जगात ज्याच्याशी भांडता येईल असा एकच माणूस उरला होता आणि तोसुद्धा आता जपून वागायला लागला होता.

मग तो ईर्ष्येला पेटला. आठवडाभर त्याने दुसरं काही केलं नाही. तबकडी प्रत्येक जागी नेमकी थांबते की नाही, टोप्या सरळ बसतात की नाही, दारूचं माप दर वेळी तेच येतं की नाही, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. मापात तीळभर फरक पडला तरी सगळं उतरवून पहिल्यापासून. शेवटी तपासणीची दांडी लावली आणि तिची परीक्षा घ्यायला मुद्दाम एक रिकामी पुंगळी पुढे सोडली. दांडा ओढला. पीं. अगदी चोख. मापापेक्षा जास्त भरलेली सोडली, तरीही पीं. यंत्र बरोबर होतं, आता मर्लच काय कुणीही या काडतुसांवर विश्वास ठेवावा. आणि एल्डन बाकावर डोकं ठेवून रडला. त्याला पीं नको होतं. झोपलास की काय, असं कुणीतरी विचारायला हवं होतं.

शुक्रवारी नवी पेटी एका खिशात आणि लाल कड्याची एक पुंगळी दुसऱ्या खिशात घालून तो मर्लकडे गेला. मर्ल गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत होता.

एल्डनने आधी पेटी ठेवली. "नव्या प्रेसची. एकेक तपासलेली. एक जरी चुकली असती तरी ओरडली असती."

"वा," मर्ल म्हणाला. "छान. ठेव तिथे."

मग एल्डनने पुंगळी ठेवली. "आणि ही तुझी."

मर्लने तिच्याकडे पाहिलं, पातं खाली ठेवलं, हात पुसले, पुसतच राहिला.

"मी एवढा कामातून गेलोय का रे?" एल्डनचा आवाज चढला. "सांगायचं होतंस! एल्डन, तुझा भरवसा वाटत नाही, पेट्या नको देऊस. मी काय तुला चावलो असतो? गुपचूप नेतोस, दुकानातली उडवतोस आणि वर पुंगळ्या आणून देतोस, म्हाताऱ्याला कळू नये म्हणून! लाल कडं मला दिसणार नाही असं वाटलं तुला?"

"ते डोक्यातच नाही आलं," मर्ल म्हणाला. "खरंच गाढव आहे मी."

"ते जुनं झालं. का केलंस ते सांग."

"राहू दे ना, एल्डन."

"नाही राहू देणार. माझ्या हातून काय झालं ते मला कळलं पाहिजे. ती गेल्यावर मी भरलेल्यातलं काही..."

"ती गेल्यानंतरचं नाही ते."

हे मर्लच्या तोंडून निसटलं आणि निसटल्याबरोबर त्याचा चेहरा पडला. मग त्याने हत्यारांच्या कपाटातून एक चिंधी काढली आणि उलगडून पुढे धरली. आत गोळी होती, शिशाची, एका बाजूने ठोकून चेपलेली. तिच्या खाचेत हिरवं मेण होतं.

"मार्चमध्ये," मर्ल म्हणाला. "डोंगरावर एकटाच गेलो होतो झाडायला. फुस्स झालं. वाटलं, माझ्याच कानांचं काहीतरी. दुसरी झाडणारच होतो. मग थांबलो. नळीत ही बसली होती. घरी येऊन ठोकून काढली."

"कुठल्या पेटीतली?"

"नाताळची. तुम्ही दोघं घेऊन आला होता ती. वर्ना लाल स्वेटर घालून आली होती बघ."

एल्डनने गोळी घेतली. नखाने मेण खरवडून पाहिलं, जणू आत दुसरा रंग निघेल.

"बाकीची पेटी?"

"फोडून पाहिली. एकेक गोळी उपटून."

"आणि?"

"एल्डन..."

"आणि काय, मर्ल?"

"आणखी काही रिकाम्या होत्या. आणि एकीत दुप्पट होती." मर्ल खाली बघत बोलत होता. "मी म्हटलं, अंधारात ठोकळा धक्का लागून सांडला असेल, काहीतरी झालं असेल. पण खराब सगळ्या पेटीच्या एकाच बाजूला होत्या. डावीकडे. उजवीकडे एकही नाही. हे काय गौडबंगाल आहे ते मला अजून कळलेलं नाही."

एल्डनला कळलं. ठोकळ्यातून पेटीत काडतुसं जशीच्या तशी जात, डावीकडची डावीकडे. आणि ऑक्टोबरच्या झटक्याने वर्नाच्या नजरेची डावी बाजू नेली होती. आंधळी झाली नव्हती, आंधळी झालेली बाई सांगते तरी. तिला डावीकडचं नसायचंच, आणि नाही हेही कळायचं नाही. ताटातलं उजवीकडचं खायची आणि म्हणायची, झालं माझं. डॉक्टरने एल्डनला बाजूला घेऊन समजावलं होतं. तेव्हापासून तो रोज तिचं बोलणं चालू असताना हळूच ताट फिरवायचा, आणि ती म्हणायची, अगं बाई, अजून बटाटे आहेत की! तिच्या मानाला धक्का लागू नये म्हणून त्याने तिलाही कधी कळू दिलं नाही. रोज ताट फिरवणाऱ्या माणसाने तळघरात जाऊन तोच ठोकळा तिच्यापुढे सरकवला होता. एकदाही फिरवला नव्हता. ओळ बरोबर, ओळ बरोबर, ती म्हणत गेली. आणि बाकाशी पुन्हा दोघं बसलो याच्या आनंदात तो वरून गोळ्या बसवत गेला.

हे सगळं त्याने मर्लला सांगितलं. सांगताना तो शांत होता. मर्लच रडायला लागला.

"म्हणून बोललो नाही मी," मर्ल म्हणाला. "क्लबात काय सांगू? वर्नाच्या हातची... तिला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. तुझ्यावर ढकलावं तर तू कोसळला होतास. म्हटलं, दुकानातली आणावी आणि गप्प बसावं."

"तुझा हात गेला असता. डोळा गेला असता."

"गेला नाही ना. झालं तर मग. विषय संपला."

"संपला कसा?" एल्डन एकदम उठला. "नाताळात जोलीनलाही पेटी दिली होती आम्ही."

मर्लचा चेहरा पांढरा पडला. जोलीन पेट म्हणजे क्लबची प्रमुख. ट्वेटांच्या काडतुसांसाठी रीत मोडणारी मर्लनंतरची दुसरी. एल्डनने तिथूनच फोन लावला. तिने पेटी अजून उघडलेली नव्हती; उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेसाठी राखून ठेवली होती, वर्नाची शेवटची म्हणून.

"उघडू नकोस," एल्डन म्हणाला. "उद्या क्लबात येताना घेऊन ये. का ते उद्या सांगतो. सगळ्यांसमोर."

फोन ठेवल्यावर मर्ल म्हणाला, "काय सांगणार आहेस?"

"घडलं ते."

"तिचं नाव घेणार?"

एल्डनने हिरव्या कडेची गोळी खिशात घातली आणि गाडीकडे गेला.

शनिवारी नेमबाजीच्या आधी सगळे क्लबच्या मैदानावर गोळा होतात. जोलीन नियम वाचते आणि मग विचारते, "कुणाचं काही?" कुणाच्या हातून चूक झाली असेल, कुणाची बंदूक अडली असेल, तर ते तिथे बोलायचं असतं. हसायचं नाही, ओरडायचं नाही, ऐकायचं आणि शहाणं व्हायचं. त्या शनिवारी वारा सुटला होता आणि लोकांनी टोप्या हातांनी धरल्या होत्या. एल्डनने हात वर केला.

"मर्लच्या नळीत माझी गोळी अडकली," तो म्हणाला. "आणि त्याच पेटीत एक दुप्पट निघाली. नाताळात दिलेली पेटी होती. जोलीनकडेही तशीच आहे. आणखी कुणाकडे असतील तर झाडू नका, मला परत द्या."

कुजबुज झाली. अडकलेल्या गोळीचं एकवेळ ठीक, पण दुप्पट ऐकल्यावर माणसं नकळत अर्धं पाऊल मागे सरतात, तशी ती सरली. मर्ल एल्डनच्या शेजारी उभा होता, तो मात्र हलला नाही.

"पण नाताळात तर वर्ना होती," जोलीन म्हणाली. "ती बघायची ना प्रत्येक?"

मर्लने तोंड उघडलं. एल्डनने त्याच्याकडे न बघताच त्याचा दंड धरला.

"त्या पेट्या तिने बघितल्या नाहीत," एल्डन म्हणाला. "ती वर झोपली होती. मला घाई होती. तिला न उठवता एकट्यानेच भरल्या."

जोलीनने हातातली पेटी त्याला दिली. नियमाप्रमाणे जे सांगायचं तेही सांगितलं: या वर्षभर एल्डनने क्लबात फक्त दुकानातली काडतुसं वापरायची, घरी भरलेली आणायची नाहीत, कुणाला द्यायचीही नाहीत. चाळीस वर्षं क्लबात असलेल्या माणसाला असं सांगणं कुणाला आवडतं?

"बरोबर आहे," एल्डन म्हणाला.

लोक पांगले. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी नजर चुकवून गेलं. जोलीन मात्र दोन पावलं जाऊन परत आली. तिला त्याला काहीतरी बरं वाटेल असं बोलायचं होतं.

"एल्डन, वर्नाने बघितलं असतं तर हे झालं नसतं रे," ती म्हणाली.

"नसतंच झालं," एल्डन म्हणाला.